खापरपणजोबांचा घोडा

माझे खापरपणजोबा घोड्यावरून बेंगळुरात आले. कमरेला तलवार, डोक्याला पागोटं, आणि मिशा अशा, की लिंबू ठेवलं तर घसरू नये. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय, की तो घोडा पांढरा होता हेसुद्धा मी छातीठोकपणे सांगतो. तलवार अजून आमच्या दिवाणखान्यात लटकते आहे. दसऱ्याला तिची पूजा होते, एरवी तिच्यावर धूळ बसते आणि ती माझ्या बायकोला पुसावी लागते. ‘तुमच्या खापरपणजोबांनी एखादं म्यानही आणलं असतं तर बरं झालं असतं,’ असं ती दर दसऱ्याला म्हणते.

घराण्याबद्दल एवढी माहिती मला साठीपर्यंत पुरली. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. गाडी खरंच धडकली की कुणी धडकवली, दुकान आपोआप जळलं की मालकाने काडी लावली, हे हुडकून काढायचं काम. जगातल्या प्रत्येक माणसाकडे मी संशयाने बघत आलो, पण त्या पांढऱ्या घोड्याला कधी एक प्रश्न विचारला नाही. घरच्या घोड्याला कोण प्रश्न विचारतं!

मग माझ्या मुलीने लग्न ठरवलं आणि घोडं अडलं.

मुलगा तिच्याच ऑफिसातला, राहणार मल्लेश्वरमचा. आम्ही दोघं मनाने तमिळ जावयापासून पंजाबी जावयापर्यंत कशालाही तयार झालो होतो. बायकोने तर छोले करायला शिकून ठेवले होते. आणि पोरीने आणला तो मराठी मुलगा! तोही आमच्यासारखाच जुन्या बेंगळुरी घरातला, म्हणजे ज्याचं मराठी ऐकून पुण्याच्या माणसाला हसू फुटतं असा. एकदा तो घरी आला, बायकोने केलेला बिसीबेळे भात दोनदा मागून खाल्ला, आणि आम्ही मनातल्या मनात हॉलची चौकशी सुरू केली.

राहिली होती फक्त अक्का.

अक्का म्हणजे माझी आत्या. माझे वडील तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्ही सगळेच तिला अक्का म्हणतो, भाजीवालासुद्धा. लग्न होऊन ती हुबळीला गेली आणि दोन-अडीच वर्षांत विधवा होऊन परत आली. तेव्हा ती विशीची होती, आता ऐंशी उलटून गेली. मधली सगळी वर्षं ती चामराजपेटच्या याच घरात आहे. माझी आई शाळेत शिकवायची, त्यामुळे मला न्हाऊमाखू घातलं, मारलं, अभ्यासाला बसवलं आणि तापात रात्रभर मांडीवर घेतलं ते अक्काने. आजही माझा चढलेला आवाज फक्त तिच्यासमोर उतरतो.

पण इतकी वर्षं राहूनही ती घरात पाहुण्यासारखी राहिली. तिची खोली म्हणजे एक खाट, खाटेखाली पत्र्याची पेटी आणि चार कोऱ्या भिंती. पेटीत तिच्या लग्नाचा फोटो आहे, जुन्या पातळात गुंडाळलेला. लहानपणी मी एकदा म्हणालो होतो, ‘अक्का, हा भिंतीवर लाव ना.’ ती म्हणाली, ‘भावाच्या भिंतीत खिळा मारू नये रे.’ अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले, घर माझ्या नावावर झालं, आणि भावाच्या भिंती भाच्याच्या झाल्या. खिळ्याचं तेच राहिलं.

तर मुलगा आला, अक्काच्या पाया पडला. तिने त्याला ना पगार विचारला ना शिक्षण. एकच प्रश्न विचारला.

‘देवक कुठलं तुमचं?’

मुलगा गोंधळला. त्याने बाहेर जाऊन आईला फोन केला आणि परत येऊन परीक्षेत पास झाल्याच्या आनंदाने म्हणाला, ‘कळंब!’

अक्काने चहाची बशी खाली ठेवली. ‘सरी, बरं. चहा घे बाळा, पोहे खा. पण लग्न नाही होत. तू तिचा भाऊ लागतोस.’

ज्यांना हे प्रकरण माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात प्रत्येक कुळाचं एक देवक असतं. कुणाचं एखादं झाड, कुणाचं पाखराचं पीस. लग्नाआधी त्या झाडाची डहाळी वाजतगाजत आणायची आणि मांडवाच्या मेढीला बांधायची, म्हणजे कूळ साक्षीला आलं. ज्यांचं देवक एक, त्यांचा मूळपुरुष एक, म्हणून त्यांच्यात लग्न नाही. आमचं देवक कळंब. मुलाचंही कळंब.

‘अक्का, आडनावं तरी वेगळी आहेत ना?’ मी म्हणालो.

‘त्याला काय होतंय? त्या काळात एक भाऊ गावावरून आडनाव लावायचा, दुसरा कामावरून. दोघं सख्खे.’

‘आम्ही रजिस्टर करू,’ मुलगी फणकारली. नाकाच्या शेंड्यावरचा राग आमच्या घराण्यातच आहे, घोड्याबरोबर आलेला.

‘करा की. मी कुठं अडवतेय? मी येणार नाही, एवढंच.’

हे ती रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. पण ती शांतपणे म्हणाली आणि पोह्यातली मिरची बाजूला काढत राहिली. अक्का नाही असं घरातलं लग्न मला कल्पनेतही उभं करता येईना. तिच्या मांडीवर मी वाढलो, माझी मुलगीही तिथेच वाढली. मुलीचंही तेच, तोंडाने रजिस्टर म्हणाली आणि आत जाऊन रडली. सगळ्यांसमोर मी अक्काला विचारलं, ‘ते दोघं भाऊ नव्हते असं मी दाखवलं तर?’

‘दाखव. मग मी मांडवात पहिल्या खुर्चीवर येऊन बसते.’

अशा रीतीने, पेन्शन आणि रक्तदाबाची गोळी घेणारा एक माणूस खापरपणजोबांच्या मागावर निघाला.

सुरुवात मुलीच्या सल्ल्याने झाली. ती म्हणाली, हल्ली नळीत थुंकून पाठवलं की पूर्वज कळतात. अक्काने चष्म्यावरून बघितलं. ‘थुंकून कूळ कळतं? पूर्वी पाया पडून कळायचं.’ तो बेत तिथेच बारगळला. मग मी सरकारी दफ्तरात गेलो. तिथल्या बाईंनी खापरपणजोबांचं नाव, गाव, जन्मसाल विचारलं. नाव सांगितलं. पुढच्या दोन्हीला मी म्हणालो, ‘तेच तर शोधतोय मॅडम.’ त्या ‘स्वल्प बसा’ म्हणाल्या आणि जेवायला गेल्या. हे स्वल्प किती लांबतं ते बेंगळूरच्या माणसाला सांगायला नको. मीही मग कोपऱ्यावर जाऊन मसाला डोसा खाल्ला आणि घरी आलो.

आमचं मूळ घर चिकपेटेत होतं. तिथे आता साड्यांचं घाऊक दुकान आहे. मी चौकशीला गेलो आणि दोन साड्या घेऊन परतलो. बायको म्हणाली, शोध चांगला चाललाय, असाच चालू ठेवा. चिकपेटेतून चामराजपेटला आजोबांनी आणलेली एकच गोष्ट आहे, सागवानी उंबरा. नव्या सिमेंटच्या घराला त्यांनी तो जुना उंबरा बसवून घेतला. आजही नवा माणूस त्याला ठेच लागल्याशिवाय आत येत नाही.

एका रविवारी मुलगी लॅपटॉप घेऊन बसली. ‘आई-बाबा, आपल्या घराचे वेगळे रीतिरिवाज सांगा. त्यावरून माणसं कुठून आली ते कळतं.’ आम्ही डोकं खाजवलं. तलवारीची पूजा. मृगाला कोंबडीचा रस्सा. आणि लग्नातलं माप.

‘माप काय?’

सगळीकडे नवी नवरी उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायाने लवंडून घरात येते. आमच्याकडे ते नवरदेव लवंडतो. नवरी त्याच्यामागून, सांडलेल्या तांदळावरून. माझ्या लग्नात मी नवीन बुटांसकट इतक्या जोरात लवंडलं होतं, की तांदूळ थेट माझ्या सासऱ्यांच्या पागोट्यात गेले. माझे मित्र अजून त्यावर जगतात.

‘असं का पण?’ मुलीने विचारलं.

‘आपली पोरं आधीपासूनच धसमुसळी,’ अक्का आतून म्हणाली. विषय संपला. कारण हेच आम्हाला नेहमी सांगितलं गेलं होतं आणि पुराव्यादाखल घरात पोरं होतीच.

मग मी मल्लेश्वरमला गेलो. मुलाचे आजोबा, त्यांना सगळे अज्जा म्हणतात, अक्काच्याच वयाचे. कान तल्लख, दात स्वतःचे. त्यांनी खास पाहुण्यासाठी केलेला श्रीखंडाचा वाडगा पुढे केला आणि मी मूळ मुद्द्यावर आलो. आपल्या दोन घरांचं काही जुनं नातं आहे का?

अज्जांनी सुनेकडे बघितलं. सून श्रीखंडाकडे बघत होती.

‘आहे की,’ ते म्हणाले. ‘तुमचं घर आमच्याच घरातनं निघालंय. देवीच्या देवळात मोठी घंटा आहे बघा, ती आमच्या आणि तुमच्या खापरपणज्यानं मिळून दिलेली. नावं आहेत त्याच्यावर.’

मी श्रीखंडाचा वाडगा खाली ठेवला. तरी घंटा बघितल्याशिवाय दावा बंद करायचा नाही, हा नोकरीतला नियम. ती नावं मोडीत होती. म्हणून मी मोडी शिकलो. पुण्याच्या एक बाई मोबाईलवर शिकवायच्या. वर्गात मी सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात आगाऊ. ‘तुमचं मराठी किती गोड हो, कानडी घातलेलं!’ असं त्या दर तासाला म्हणायच्या आणि दर तासाला माझं डोकं फिरायचं. आमचे लोक कित्येक पिढ्या इथे मराठी बोलतायत, त्यात दोन कानडी शब्द आले तर काय बिघडलं? पण मोडी आली. फार नाही, नावं वाचण्यापुरती.

घंटा बघायला अक्काला घेऊन गेलो. पुजाऱ्यांनी स्टूल दिलं, मी चढलो, बॅटरी मारली. दोन नावं शेजारी शेजारी होती. एक अज्जांच्या खापरपणजोबांचं. दुसरं आमच्या. प्रत्येक नावापुढे आणखी काही अक्षरं होती, पण दर दसऱ्याला घंटा चिंचेने घासून घासून भक्तांनी ती साफ पुसून टाकली होती. वंशाचा इतिहास चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत गेला होता.

‘काय आहे?’ अक्काने खालून विचारलं.

‘दोन नावं. शेजारी शेजारी.’

‘म्हणजे भाऊ.’

मी स्टुलावरून उतरलो. अक्काने देवीला नमस्कार केला, माझ्या हातातली बॅटरी घेऊन पिशवीत टाकली आणि रिक्षात बसल्यावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘तू शोधलंस, आयतु, झालं. पोरीला म्हणावं सुखानं कर लग्न रजिस्टरचं. माझा आशीर्वाद आहे. फक्त मी येत नाही.’ तिचे डोळे भरले होते. तिला यायचं होतं! ते बघून मला सगळ्या जगाचा राग आला, घंटेचा, चिंचेचा आणि त्या घोड्यावरच्या मिशीवाल्याचा तर सर्वात जास्त.

घरी गेल्यावर मुलगी तिच्या खोलीत जाऊन बसली, ती जेवायलाही आली नाही. अक्काही जेवली नाही. मी मात्र जेवलो, राग आला की मला जास्त भूक लागते.

आठवड्याभराने मी परत मल्लेश्वरमला गेलो ते रजिस्टर लग्नाचं बोलायला. बोलणं झालं. मुलाची आई डोळे पुसत होती, तिलाही मांडव हवा होता. मी निघालो. दारात बसून चपला घालत होतो, तेवढ्यात अज्जा खुर्चीतून सहज म्हणाले, ‘काय हो, तुमच्याकडे अजून नवरदेवच लवंडतो का माप?’

‘हो की. मीही लवंडलंय.’

अज्जा गालातल्या गालात हसले. आणि आतून त्यांची सून खोकली.

तो खोकला मी ओळखला. नोकरीत शेकडो वेळा ऐकलाय. एक जण नको ते बोलून जातो आणि दुसरा खोकतो. मी चपला काढल्या आणि परत आत येऊन बसलो.

‘अज्जा, तुम्ही का हसलात?’

‘काही नाही. सुम्ने, उगाच.’

‘सुम्ने कुणी असं हसत नाही. सांगा.’

अज्जांनी सुनेकडे बघितलं. या वेळी सूनच म्हणाली, ‘सांगून टाका मामंजी. तसंही आता काय राहिलंय?’

‘राग मानायचा नाही हां,’ अज्जा म्हणाले. ‘अहो, तुमचा खापरपणजा घरजावई ना! जो बाहेरनं घरात येतो, तो माप लवंडतो. आमच्याकडे सून आली, तिनं लवंडलं. तुमच्याकडे जावई आला, त्यानं लवंडलं. मग तुमच्या घरानं तीच रीत धरून ठेवली.’

मी खुर्ची पुढे ओढली.

‘आमच्या खापरपणज्याला एक चुलता होता,’ अज्जा सांगू लागले. ‘त्याला मुलगा नाही, एकच मुलगी. लाडकी. सासरी धाडायचा जीव होईना. तेवढ्यात बेळगावकडचा एक तरुण कामधंदा शोधत आला, चालत. पायात चप्पलही नव्हती म्हणतात. चुलत्यानं पोराची नियत बघितली, मुलगी दिली आणि घरात ठेवून घेतला. घंटेवर आमच्या माणसाचं नाव चुलतभाऊ म्हणून होतं आणि तुमच्या माणसाचं जावई म्हणून.’

‘आणि घोडा?’ मी विचारलं. माझा आवाज बारीक झाला होता.

‘घोडा होता की! सासऱ्याचा.’

‘तलवार?’

‘तीही सासऱ्याची.’

‘मग हे तुम्ही पहिल्याच भेटीत का नाही सांगितलंत?’ मी जवळजवळ ओरडलो. ‘मी मोडी शिकलो अज्जा! स्टुलावर चढलो!’

अज्जा दुखावल्यासारखे झाले. ‘अहो, मुलीकडची माणसं पहिल्यांदा घरी आलेली, समोर श्रीखंड, आणि मी सांगू, तुमचं कूळ घरजावयाचं म्हणून? माणुसकी आहे का नाही?’

आमच्या लोकांत माणसाला काहीही म्हणा, घरजावई म्हणू नका. आमच्या घरानेही तेच केलं होतं. लाज वाटली म्हणून अनवाणी आलेल्या माणसाला घोड्यावर बसवलं, मिशा लावल्या आणि जिच्यामुळे घर उभं राहिलं त्या बाईला गोष्टीतून काढून टाकलं. पण माप काढायचं मात्र विसरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पुरावा मी स्वतः बूट घालून लवंडला होता, आणि शोधत फिरत होतो चिकपेटभर.

‘तिचं नाव काय होतं?’ मी विचारलं.

अज्जांनी मान हलवली. ‘बाईचं नाव कोण ठेवतं लक्षात?’

घरी येईपर्यंत माझा आनंद निम्मा झाला होता. भाऊ नव्हते, हे सिद्ध झालं. खापरपणजोबांचं रक्त वेगळं, कूळ वेगळं. पण आता दोन नव्या अडचणी होत्या. एक, अक्काला ‘तू घरजावयाच्या वंशातली’ हे सांगायचं कसं? तिला त्या घोड्याचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान. आणि दुसरी त्याहून अवघड. कळंब त्या बाईच्या माहेरचं देवक. आमचं खरं देवक जे काही असेल ते त्या अनवाणी माणसाबरोबर आलं आणि त्याच्याबरोबरच गेलं. मग मांडवात बांधायचं काय? कळंब बांधलं तर दोन्हीकडे एकच देवक, म्हणजे लग्न मोडलं. नाही बांधलं तर इतक्या पिढ्यांचं देवक टाकलं. आगीतून फुफाट्यात.

अक्का खाटेवर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होती. बायको आणि मुलगी दारात उभ्या राहिल्या. मी खाली जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. चालत आलेला तरुण, चुलता, एकुलती मुलगी, माप, घंटा. घोडा सासऱ्याचा हे सांगताना थोडा अडखळलो. अक्काचे हात थांबले.

‘म्हणजे तो आला आणि ती इथंच राहिली?’

‘हो.’

‘सासरी गेलीच नाही?’

‘नाही अक्का. हेच तिचं घर. तिच्याच बापाचं, मग तिचं, मग तिच्या मुलांचं. ते चिकपेटेचं घर, हा उंबरा, सगळं तिच्याकडूनच आलेलं.’

अक्का दाराकडे बघत राहिली. खोलीच्या दारातून पुढचा उंबरा दिसतो, जुन्या सागवानाचा, मधोमध झिजलेला. मला वाटलं, तिला घराण्याची लाज वाटतेय. मी काहीतरी समजूत घालायला तोंड उघडलं, पण तिने हाताने मला गप्प केलं.

‘मला सगळे म्हणायचे,’ ती हळू म्हणाली, ‘लेकीची जात, परक्याचं धन. परत आले तेव्हा आई पण म्हणाली, भावाच्या घरात जपून राहा गं. जपूनच राहिले बाई.’ मग डोळ्यांना पदर लावून हसायला लागली. ‘आणि घर मूळचं लेकीचंच!’

माझी बायको सहजासहजी रडणारी नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे उगाच भांडी वाजली.

मुलीने हिंमत करून विचारलं, ‘अक्का, पण मग देवक?’

अक्काने शेंग उचलली. चेहरा परत नेहमीसारखा झाला. ‘बाईचं देवक लग्नात धरतात का रे?’ तिने मला विचारलं.

‘नाही. बापाकडूनचं धरतात.’

‘माझं कळंब माझ्या लग्नाच्या दिवशी गेलं. सासरचं मिळालं, ते नवऱ्याबरोबर गेलं. बाईचं देवक मोजतच नाहीत. मग हे कळंब त्या बाईचं. मोजत नाहीत ते आड कसं येईल?’

आयुष्यभर मी माणसांच्या पळवाटा पकडल्या, पण ही पळवाट नव्हती. ज्या दाराने इतकी वर्षं बाईला बाहेर ठेवलं होतं, तेच दार अक्काने ओढून उघडलं होतं.

‘लग्न होणार,’ अक्का म्हणाली. ‘आणि मांडवात कळंबच बांधायचं. ते तिचं आहे. दुसरं मी बांधू देणार नाही. सरी?’

‘सरी,’ आम्ही तिघं एकदमच म्हणालो, बायको स्वयंपाकघरातून.

मल्लेश्वरमच्या मंडळींना हा निकाल कळवला तेव्हा अज्जा फोनवर इतके हसले, की सुनेने फोन काढून घेतला. लग्न झालं. दोन मेढी, दोन्हींना कळंबाची डहाळी. मांडवात आलेल्या कुणा भटजीने, कुणा काकूने भुवया उंचावल्या, तर अक्का पहिल्या खुर्चीवरून त्यांच्याकडे बघायची आणि भुवया खाली यायच्या. आमच्याकडची डहाळी आणायला जोडपं लागतं, सवाष्ण लागते, ही रीत अक्कानेच जन्मभर सगळ्यांना शिकवलेली. विधवा म्हणून ती माझ्या लग्नात देवकाच्या वेळी मागच्या खोलीत जाऊन बसली होती, हे मी विसरलेलो नाही. या वेळी आम्ही दोघं नवराबायको डहाळी आणायला निघालो, तर अक्का चपला घालून दारात उभी. ‘मी धरते,’ म्हणाली. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलंही नाही. देवळामागच्या झाडाची डहाळी तिने छातीशी धरून आणली, रिक्षात, सनईशिवाय, आणि रिक्षावाल्याने पैसे घेताना विचारलं तेव्हा त्याला कानडीतून सांगितलं, की हे आमच्या घरच्या बाईचं आहे.

मुलगी मल्लेश्वरमला गेली. तिथे तिने चारचौघींसारखं माप लवंडलं. जरा जोरातच लवंडलं. धसमुसळेपणा खरंच आमचा, त्याला जावई-लेक असा भेद नाही.

दुसऱ्या दिवशी घर सुनं सुनं झालं होतं. मी दिवाणखान्यात पाय पसरून बसलो होतो. अक्का तिच्या खोलीतून बाहेर आली. हातात जुन्या पातळात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते सोडलं आणि फोटो पदराने पुसला. मुंडावळ्या बांधलेली, कॅमेऱ्याला घाबरलेली एक मुलगी आणि शेजारी कुणीतरी कानात सांगून हसवलेला एक मुलगा.

‘घरात हातोडी आहे ना?’ तिने विचारलं.

मी हातोडी आणली, खिळा आणला, स्टूल ठेवलं. मला वाटलं तिच्या खोलीत लावायचाय. मी तिकडे वळलो.

‘तिकडं नाही. इथं, पुढं,’ अक्का म्हणाली. तिने भिंतीकडे जरा वेळ बघितलं, मान तिरकी करून. ‘ती तलवार स्वल्प सरकव.’